जुन्या छोट्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक कार्ड बसवायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँका आणि कंपन्यांनी काढून टाकलेले छोटे डेस्कटॉप आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या बुधवार पेठेपर्यंत सगळीकडे रिफर्बिश्ड म्हणून मिळतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स ७०१० आणि ९०२०, एचपीचा एलिटडेस्क ८०० जी१, लेनोवोचे थिंकसेंटर ही त्यांतली नेहमीची नावं. मजबूत मशीन असतात, शिकणाऱ्या मुलांना आणि घरच्या कामाला उत्तम. घरी आणल्यावर काही महिन्यांतच कुणीतरी विचारतं, "यात ग्राफिक कार्ड बसेल का?" त्या एका प्रश्नाच्या पोटात बरेच प्रश्न असतात. खालची उत्तरं मुख्यतः डेल ९०२० आणि त्याच्या पिढीतल्या एसएफएफ मशीनला धरून दिली आहेत. एसएफएफ म्हणजे ते आडवं-उभं कसंही ठेवता येणारं चपटं कॅबिनेट.

माझ्या मशीनमध्ये कार्ड बसेल की नाही, हे आधी कसं कळेल?

कॅबिनेटचा आकार पाहा. ऑप्टिप्लेक्स ९०२० हे एकच नाव चार वेगवेगळ्या आकारांत निघालं: उभा मिनी टॉवर, चपटा एसएफएफ, त्याहून लहान यूएसएफएफ आणि पुस्तकाएवढा मायक्रो. शेवटच्या दोघांत ग्राफिक कार्डाचा स्लॉटच नाही, त्यामुळे तिथे विषय संपला. मायक्रो तर लॅपटॉपसारख्या ६५ वॅटच्या अ‍ॅडॅप्टरवर चालतो. एम.२ या छोट्या स्लॉटमधून केबल बाहेर काढून कार्ड जोडणारे लोक आहेत, पण रोजच्या कामाच्या मशीनवर हा उद्योग करावा असं मी कुणालाही सांगणार नाही. लेनोवोच्या एम७२०क्यू आणि एम९२०क्यू या छोट्या डब्यांत मात्र रायझर नावाची लहान पट्टी घालून स्लॉट मिळवता येतो आणि क्वाड्रो पी६२० सारखं छोटं कार्ड बसवता येतं.

एसएफएफ असेल तर झाकण काढा आणि तीन गोष्टी मोजा. स्लॉटपासून समोरच्या अडथळ्यापर्यंत (हार्ड डिस्कचा पिंजरा, पंखा किंवा केबलचा गुंता) किती लांबी मोकळी आहे? मागच्या पट्टीची उंची किती आहे? आणि स्लॉटच्या शेजारी एकाच खाचेची (कॅबिनेटच्या मागे कार्डाची पट्टी बसायच्या फटीची) जागा आहे की दोन खाचांची? साधी टेप पुरते. हे आकडे मोबाइलमध्ये टिपून ठेवा. दुकानात उभं राहिल्यावर कार्डाच्या नावापेक्षा यांचाच उपयोग होतो.

लो प्रोफाइल म्हणजे नेमकं काय? साधं कार्ड तिरकं करून बसत नाही का?

नाही बसत. नेहमीच्या कार्डाची मागची लोखंडी पट्टी सुमारे १२० मिलिमीटर उंच असते, लो प्रोफाइलची सुमारे ८०. पट्टी बदलता येते, पण कार्डाचा बोर्डसुद्धा ठेंगणा हवा, साधारण ६९ मिलिमीटरपर्यंत. त्याहून उंच कार्ड घातलं की झाकण लागत नाही. झाकण उघडं ठेवून मशीन चालवणारे असतात. आपल्याकडची धूळ पाहता वर्षभरात पंख्यांची काय अवस्था होते ते सांगायला नको.

सेकंडहँड कार्ड घेताना छोटी पट्टी सोबत आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. कार्ड लो प्रोफाइलच असतं, पण आधीच्या मालकाच्या टॉवरमध्ये उंच पट्टीवर बसलेलं असतं आणि छोटी पट्टी खोक्यासोबत हरवलेली असते. वेगळी पट्टी मिळते, मात्र तिची भोकं तुमच्या कार्डाच्या पोर्टशी जुळायला हवीत. पट्टी बदलताना पोर्टच्या दोन्ही बाजूंचे षटकोनी स्क्रू काढावे लागतात. ते पकडीने पिळले तर कडा झिजतात, म्हणून छोटा नट ड्रायव्हर वापरा.

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) २४०-२५५ वॅटचा आहे. कार्डाच्या खोक्यावर तर "किमान ३०० वॅट" लिहिलंय. मग?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खोक्यावरचा आकडा सगळ्या प्रकारची मशीन आणि हलक्या दर्जाचे एसएमपीएस डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. तुमच्या मशीनचा हिशेब स्वतः मांडा. ९०२० एसएफएफचा एसएमपीएस २५५ वॅटचा. त्यात आय५-४५९० असेल तर प्रोसेसर ८४ वॅटचा. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एखादी हार्ड डिस्क आणि पंखे यांना ३०-४० वॅट धरा. वर ७५ वॅटचं कार्ड. बेरीज दोनशेच्या आसपास जाते. म्हणजे चालतं, पण हात राखून. ७०१० एसएफएफचा एसएमपीएस २४० वॅटचा आहे, तिथे हात आणखी थोडा आखडता घ्यावा लागतो.

या ७५ आकड्याला अर्थ आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड ज्या प्रकारच्या स्लॉटमध्ये बसतं त्याच्या) नियमांप्रमाणे मोठा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो. कार्ड त्याहून जास्त खाणारं असेल तर त्याच्या अंगावर सहा किंवा आठ पिनचा वेगळा पॉवर कनेक्टर असतो, आणि तुमच्या एसएमपीएसमधून तशी केबल निघतच नाही. तेव्हा एसएफएफसाठी नियम सोपा: ज्या कार्डावर वेगळा पॉवर कनेक्टर आहे, ते कार्ड आपलं नाही.

अजून एक बारीक मुद्दा. काही कंपन्यांनी एसएफएफ मॉडेलच्या स्लॉटला ७५ पेक्षा कमी वॅटची मर्यादा घातलेली असते. मॉडेलचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, त्यात स्लॉटपुढे आकडा दिला असेल तर तोच खरा माना. पन्नास वॅटच्या आतलं कार्ड घेतलं तर मन जास्त निर्धास्त राहतं. या मशीनचे एसएमपीएस आठ-दहा वर्षं ऑफिसात राबलेले असतात, हेही लक्षात असू द्या.

साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) केबलला लावून सहा पिन काढणारा कन्व्हर्टर मिळतो. तो लावला तर?

लावू नका.

साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. तिघी मिळून साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. सहा पिनचा कनेक्टर ७५ वॅटसाठी बनवलेला. गेम सुरू होऊन कार्ड पूर्ण जोरात आलं की तो सगळा भार त्या तीन पिनांवर पडतो. असा एक कन्व्हर्टर मी हातात घेऊन पाहिला आहे. काळ्या प्लास्टिकचा एक कोपरा वितळून तपकिरी झाला होता, आतली पिन वाकून शेजारच्या पिनेला टेकायला आली होती आणि पिवळ्या वायरचं आवरण बोटभर आकसलं होतं. तोवर मशीन व्यवस्थित चालू होतं, फक्त "कधीकधी वास येतो" एवढीच तक्रार होती. घरात मुलं झोपलेली असताना चालू राहणाऱ्या मशीनमध्ये अशी जोडणी ठेवू नये.

एसएमपीएसच मोठा घातला तर?

एसएफएफमध्ये बाजारातला साधा एसएमपीएस आकारानेच मावत नाही. शिवाय ९०२० च्या मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनचा कनेक्टर नाही, डेलचा स्वतःचा ८ पिनचा आहे. एचपीनेही त्या पिढीत स्वतःची जोडणी वापरली. कन्व्हर्टर केबल मिळतात, पण एसएमपीएस बाहेर टेबलावर ठेवून चालवावा लागतो. एवढं करण्यापेक्षा त्याच मॉडेलचा मिनी टॉवर शोधा. त्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसतं आणि एसएमपीएसही थोडा मोठा, २९० वॅटचा असतो. नुसत्या गेमिंगसाठी मशीन घ्यायचं असेल, तर खरेदीच्या वेळीच एसएफएफ सोडून टॉवर मागा. इतकं साधं कुणी आधी सांगत नाही.

मग घ्यायचं तरी कोणतं कार्ड?

कामावर अवलंबून आहे, पण माझी पसंती लपवत नाही.

व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅड, फोटोशॉप, अधूनमधून गेम असं मिश्र काम असेल तर एनव्हिडिया टी१०००. एकाच खाचेचं, लो प्रोफाइल, ५० वॅटचं, ४ किंवा ८ जीबी मेमरीचं. आत जीटीएक्स १६५० च्याच जातीची चिप आणि तितकेच ८९६ कोअर, फक्त वेग थोडा आवरलेला. वर्कस्टेशनमधून निघालेली ही कार्डं सेकंडहँड बाजारात येतात. तिच्याच घरातली टी६०० (४० वॅट) आणि टी४०० (३० वॅट) त्याहून हलकी. एकाच खाचेची जागा असलेल्या डब्यासाठी या मालिकेहून जास्त समजूतदार पर्याय मला दिसत नाही.

गेम हाच मुख्य उद्देश असेल आणि दोन खाचांची जागा असेल तर जीटीएक्स १६५० लो प्रोफाइल किंवा त्याच्या पुढचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी. दोन्हींत नावांचा घोळ आहे. १६५० च्या काही आवृत्त्यांवर सहा पिनचा कनेक्टर असतो, त्या नकोत. आरटीएक्स ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत: ८ जीबीचं १३० वॅट खातं आणि त्याला कनेक्टर लागतो, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं ७० वॅटमध्ये, नुसत्या स्लॉटवर चालतं. दुकानदार "३०५० आहे" म्हणाला की पुढचा प्रश्न "किती जीबी?" हाच हवा. मात्र चौथ्या पिढीच्या आय५ सोबत ३०५० घेणं मला जास्तीचा खर्च वाटतो. चार कोअरचा तो प्रोसेसर कार्डाला पुरेसं काम देऊ शकत नाही. पुढे मशीन बदलणार असाल आणि कार्ड सोबत नेणार असाल, तर गोष्ट वेगळी.

जीटी १०३० अजूनही बरंच विकलं जातं. ३० वॅट, थंड, शांत. पण त्याच्याही दोन जाती आहेत. जीडीडीआर५ मेमरीचं कार्ड ठीक. डीडीआर४ मेमरीचं कार्ड त्याच नावाने विकतात आणि त्याच्या मेमरीचा वेग जवळजवळ एक तृतीयांश असतो: सेकंदाला ४८ जीबीच्या जागी १६.८ जीबी. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ आकुंचित करणारा भाग) नाही, म्हणून ओबीएससारख्या सॉफ्टवेअरवर स्ट्रीमिंग करणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही.

आरएक्स ६४०० एकाच खाचेत मावतं, ५३ वॅटचं आहे आणि गेममध्ये चांगलं पळतं. यातही एन्कोडर नाही. ते स्लॉटच्या १६ लेनपैकी (डेटा जाण्याच्या वाटांपैकी) चारच वापरतं. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर थोडा फटका बसतो, दुसऱ्या पिढीवर जास्त. म्हणून ऑप्टिप्लेक्स ७९० किंवा ९९० सारख्या, सँडी ब्रिज (इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या) प्रोसेसरच्या मशीनमध्ये ते घेऊ नका.

इंटेलची आर्क ए३१० आणि ए३८० कार्डं आकाराने मोहात पाडतात. त्यांना रिसायझेबल बार ही सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) लागते आणि इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सांगतं. इतक्या जुन्या मशीनच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये) ती सोय नसते, आणि तिच्याविना वेग बराच पडतो. नको.

जीटी ७१० आणि जीटी ७३० नव्या खोक्यात दिसली तरी घेऊ नका. प्रोसेसरमधल्या एचडी ४६०० ग्राफिक्सपेक्षा त्यांचा फायदा नगण्य, आणि त्यांचे ड्रायव्हर केव्हाच थांबले.

दोन खाचांचं कार्ड आणलं, पण ते शेजारच्या एसएमपीएसला अडकतंय.

काही एसएफएफ मशीनमध्ये १६ लेनचा मुख्य स्लॉट कडेला असतो, त्यामुळे जाड कार्डाच्या पंख्याला जागा उरत नाही. दुसऱ्या स्लॉटमध्ये कार्ड घातलं तर बसेलही, पण तो दिसायला लांब असला तरी आतून चारच लेनचा असतो. कार्ड परत करून टी१००० किंवा आरएक्स ६४०० सारखं एका खाचेचं घ्या. कूलर कापणं, झाकणाला भोक पाडणं वगैरेंच्या मागे लागू नका.

कार्ड बसवताना काय काळजी घ्यायची?

आधी मशीन बंद करून भिंतीतला प्लग काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच कार्डाला हात लावा. झाकण काढलंच आहे तर ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने धूळ काढून घ्या. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या जोराने ते गरगरू देऊ नका.

बहुतेक ऑफिस मशीनमध्ये मागच्या पट्ट्यांना वेगळा स्क्रू नसतो, एक झडप असते. ती उघडा, रिकामी पट्टी काढा. कार्ड सरळ खाली दाबा. स्लॉटच्या टोकाची खुंटी "टक" करून बसली पाहिजे आणि सोनेरी पट्टी कुठेही तिरकी दिसता कामा नये. कार्ड एका बाजूने अर्धा मिलिमीटर वर राहिलं तरी डिस्प्ले येत नाही, आणि लोक कार्ड खराब समजून परत नेतात.

एक काम सोबतच उरका: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. इतक्या जुन्या मशीनचा सेल दमलेला असतो. तारीख मागे गेली आणि बायोसचं सेटिंग पुसलं गेलं, की दोष विनाकारण नव्या कार्डावर येतो.

कार्ड बसवलं, पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी.

पहिली शक्यता: मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्या पोर्टला आहे. हसू नका, निम्मे फोन याचेच असतात. कार्ड दिसलं की बरीच ऑफिस मशीन आपलं आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, त्यामुळे केबल कार्डालाच लावायची.

तरीही काळी असेल तर कार्ड काढा, जुन्या पोर्टवर मशीन सुरू करा आणि कंपनीच्या साइटवरून बायोसची शेवटची आवृत्ती टाका. बायोस अपडेट होत असताना लाइट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असल्याशिवाय हे करू नका, आणि भारनियमनाची वेळ असेल तर नक्कीच नको. मग बूट मोड (मशीन सुरू होण्याची पद्धत) पाहा. नव्या कार्डांना यूईएफआय ही नवी पद्धत आवडते, जुनी मशीन बऱ्याचदा लेगसी या जुन्या पद्धतीवर ठेवलेली असतात. विंडोज लेगसीवर टाकलेलं असेल तर मोड नुसता बदलल्यावर ते सुरू होणार नाही, म्हणून डेटाची प्रत आधी काढून ठेवा.

माझा मॉनिटर व्हीजीएचा आहे.

आजच्या कार्डांत व्हीजीए नसतं. डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए किंवा एचडीएमआय ते व्हीजीए असा आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, तो चालतो. टी१००० आणि तिच्या भावंडांवर मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, त्याची केबल किंवा कन्व्हर्टर सोबतच मागून घ्या.

सेकंडहँड कार्ड नकली नाही, हे कसं ओळखायचं?

जीटीएक्स १०५० टीआयच्या नावाने खूप फसवणूक झाली आहे. जीटीएस ४५० सारख्या पुरातन कार्डाचं बायोस बदलून त्याला नवं नाव देतात. विंडोजलाही तेच खोटं नाव दिसतं. ओळखायची एक खूण: या १० मालिकेतल्या चिपमधून व्हीजीए निघतच नाही. "१०५० टीआय" वर निळा व्हीजीए पोर्ट दिसला, तर ते कार्ड बाजूला ठेवा.

दुसरी पायरी: जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. २०१८ पासून त्यात नकली कार्ड ओळखायची सोय आहे आणि असं कार्ड दिसलं की ते नावापुढेच तसं लिहितं. मग दहा-पंधरा मिनिटं एखादा जड ग्राफिक टेस्ट चालवून स्क्रीनवर ठिपके किंवा पट्टे येतात का, पंखा घरघरतो का, ते पाहा. असं तपासू न देणाऱ्याकडून घेऊ नका. पी१०६ सारखी मायनिंगची (क्रिप्टो चलन मिळवण्यासाठी बनवलेली) कार्डंही स्वस्तात दाखवतात. त्यांना मॉनिटरचा पोर्टच नसतो आणि पॉवर कनेक्टर लागतो.

उन्हाळ्यात तापणार नाही का?

तापेल. एसएफएफमध्ये आधीच हवा कमी खेळते, आणि नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना खोलीतली हवाच गरम असते. मशीन कपाटाच्या कप्प्यात कोंबू नका, झाकणाची जाळी भिंतीला टेकवू नका. प्रोसेसरची थर्मल पेस्ट जुनी झाली असेल तर ती बदलून घ्या. जीपीयू-झेडमध्ये कार्डाचं तापमान दिसतं. जोराच्या कामात ते ८० च्या आत राहिलं तर निश्चिंत राहा. सतत ८५ च्या वर जात असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट दहा-पंधरा टक्क्यांनी उतरवा. वेगात फारसा फरक जाणवत नाही, उष्णता मात्र चांगलीच कमी होते.

कार्ड घातलं, तरी गेम अडखळतोय.

रॅम बघा. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तेवढीच दुसरी घाला. दोन पट्ट्यांनी मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो. विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी आधी, कार्ड नंतर, हा क्रम मी कुणासाठीही बदलत नाही. तिसरी गोष्ट प्रोसेसर: ९०२० मध्ये आय५ काढून आय७-४७७० किंवा ४७९० घालता येतो, सॉकेट तोच, आणि चारऐवजी आठ थ्रेड मिळतात. ७०१० च्या तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा नव्या आज्ञांचा संच नाही, त्यामुळे काही नवे गेम कार्ड कितीही चांगलं असलं तरी सुरूच होत नाहीत.

यूट्यूब आणि व्हिडिओ एडिटिंगमध्ये खरंच फरक पडतो?

पडतो. एचडी ४६०० ला यूट्यूबचं व्हीपी९ (व्हिडिओ आकुंचित करायची पद्धत) हार्डवेअरवर उलगडता येत नाही, म्हणून ४के लावलं की प्रोसेसर धापा टाकतो. जीटी १०३० पासून पुढची एनव्हिडिया कार्डं ते काम स्वतःकडे घेतात. मोबाइलवर शूट केलेल्या एचईव्हीसी व्हिडिओचंही तसंच. एव्ही१ ही त्याहून नवी पद्धत हवी असेल तर ३०५० लागेल. १६५०, टी१००० आणि आरएक्स ६४०० यांच्यात ती नाही. दाविंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी ४ जीबीपेक्षा कमी मेमरीचं कार्ड घेऊच नये.

विंडोज १० बंद झालं, आता यात पैसे घालावेत का?

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागतं, म्हणजे ७०१० आणि ९०२० दोन्ही बाहेर. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. लिनक्स मिंट या मशीनवर छान चालतं, पण व्हॅलोरंटसारखे गेम त्यावर चालत नाहीत.

ड्रायव्हरचीही बाजू आहे. एनव्हिडियाने १० मालिकेसाठी, म्हणजे जीटी १०३०, १०५० टीआय आणि क्वाड्रो पी मालिकेसाठी, गेमचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेची अपडेट येतील. म्हणून आज पैसे घालायचेच असतील तर १६५०, टी मालिका किंवा त्यापुढचं कार्ड घ्या, ते पुढच्या मशीनमध्येही नेता येईल. आणि कार्डाची किंमत आख्ख्या डेस्कटॉपच्या किमतीच्या वर जात असेल, तर त्याच पैशांत आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड टॉवर मिळतो का, ते आधी दोन-तीन दुकानांत विचारून या.